मागे बसतो तो मालक

निंबाळवाडी,
१२ जुलै २०२४

श्रीमती छायाताई जेजुरकर यांना सावळीराम भंदुरे याचा नमस्कार.

तुमच्या मावसबहिणीची मुलगी पूजा ही आमची धाकटी सून. तिच्याकडून कळलं की तुम्ही मोटार-विम्याच्या सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालात, आणि आता कुणी जुना फोटो आणला की त्यातल्या मोटारीचं नाव-गाव-साल सांगता. नाशकातले हौशी लोक फोटो घेऊन तुमच्या दारात येतात म्हणे. मीही येतोय, पण पोस्टाने. फोन मुद्दाम केला नाही. फोनवरचं बोलणं सभेत वाचून दाखवता येत नाही, आणि मला तुमचा शब्द अख्ख्या गावासमोर वाचायचा आहे.

प्रकरण असं. येत्या दसऱ्याला आमच्या वेशीवर कमान उभी राहतेय. गावात पहिली मोटार ज्याने आणली त्याचं नाव कमानीवर द्यायचं, असा ठराव झाला. सोबतचा फोटो बघा. चाकावर बसलेत ते माझे आजोबा रावजीबाबा. मागे त्यांचे धाकटे भाऊ खंडूबाबा. आम्ही रावजींची थोरली पाती, ते खंडूंची धाकटी पाती. हा फोटो आमच्या भिंतीवर माझ्या जन्माआधीपासून आहे, त्यामुळे नाव कुणाचं लागणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. तेवढ्यात धाकट्या पातीतला दिनेश उठला. पिंपळगावला पिकअप गाड्या विकतो. म्हणाला, "चाकावर बसतो तो ड्रायव्हर. मागे बसतो तो मालक. शोरूममध्ये येऊन बघा."

ताई, माझ्या आजोबांना भर सभेत ड्रायव्हर म्हटलं गेलं. ड्रायव्हरी हलकी आहे असं मी म्हणत नाही. श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी आयुष्यभर व्याख्यानं दिली. पण ती इतरांच्या आजोबांबद्दल होती.

मी तिथेच उत्तर दिलं. बैलगाडीत कासरा कुणाच्या हातात असतो? धन्याच्या. मागे कोण बसतं? पाहुणा, नाहीतर पोती. ज्याच्या हातात कासरा तोच धनी, हा नियम मोटार आली म्हणून बदलत नाही. सभा दुभंगली. मग मी जाहीर केलं, की काही मोटारी मालकाने स्वतः हाकायच्या असतात, काहींना ड्रायव्हर लागतो. तेव्हा मोटार कोणत्या जातीची ते छायाताई ठरवतील, आणि मालक आपोआप ठरेल. दिनेशचा बाप भिकन, माझा चुलतभाऊ, त्यानेही मान हलवली. तो बोलत नाही. मान हलवली हेच त्याचं भाषण.

न्याय तुमच्या हातात आहे.

आपला,
सावळीराम भंदुरे


नाशिक,
२० जुलै २०२४

सावळीरामभाऊ, सप्रेम नमस्कार.

फोटो भिंगाखाली पाहिला. दुसऱ्या दिवशी उन्हात नेऊन परत पाहिला. आता हे पत्र कृपया बसून वाचा.

ही मोटार नाही. मोटारीचं चित्र काढून कापलेली फळी आहे. पूर्वी जत्रेतल्या फोटोवाल्यांकडे अशा फळ्या असत. लोक फळीमागे बाकड्यावर बसायचे आणि फोटोत मोटारीत बसल्यासारखे दिसायचे.

तुम्हाला पुरावा लागेल, म्हणून सांगते. मोटार जराशी तिरकी काढलीय, पण चाकं मात्र समोरून पाहावीत तशी गरगरीत गोल. चाकांना जाड आरे आहेत आणि कडेला लोखंडी धाव. पेंटरने मोटार लांबून पाहिली असावी आणि बैलगाडी जवळून. बॉनेटच्या मागे एक राजहंस पोहतोय, तो मागच्या पडद्यावरचा. आणि पायरीच्या खाली चार पाय दिसतात. दोन वहाणा घातलेले, दोन अनवाणी. नोकरीत मी ठेचलेल्या, जळालेल्या, विहिरीत पडलेल्या गाड्या तपासल्या. आत बसलेल्या माणसांचे पाय जमिनीला टेकलेत अशी गाडी मला कधी सापडली नाही.

दोघांपैकी मालक कोणीच नाही. मालक फोटोवाला. मात्र तुमच्या आजोबांनी चाक मोठ्या ऐटीत धरलंय, आणि दोघंही खुशीत दिसतात. तेवढं सभेत जरूर सांगा.

आपली,
छाया जेजुरकर


निंबाळवाडी,
२६ जुलै २०२४

छायाताई,

पत्र बसून वाचलं. मग उभं राहून वाचलं. फरक पडला नाही.

तुमच्या विद्वत्तेबद्दल आदर आहे, पण मी आयुष्यात कुणाचाही शब्द तपासल्याशिवाय घेतलेला नाही. पायांचं म्हणाल, तर त्या काळच्या रस्त्यांनी मोटारीचे तळ सडत असत. तळ सडला की पाय खाली येणारच. चाकांना आरे होते, तर ते मजबूत चाक होतं. राजहंसाबद्दल मला काही म्हणायचं नाही.

आता वादापुरतं धरून चालू, की ती फळी आहे. म्हणून काय झालं? देवळातली मूर्ती दगडाची असते. आपण दगडाला हात जोडतो का? मूर्ती कुणाची आहे ते आपण बघतो. मग फळी लाकडाची आहे हे सांगून तुम्ही मला काय सांगितलंत? फळीवर मोटार कोणती आहे ते सांगा. माणूस ज्या मोटारीच्या चित्रात बसतो, त्या मोटारीचा धर्म त्याला लागू होतो, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी कुठल्याही व्यासपीठावर मांडायला तयार आहे.

तुम्हाला हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल, म्हणून परवाचं सांगतो. सायखेड्याला दशक्रिया होती. पंचक्रोशीत दशक्रियेला श्रद्धांजलीचं शेवटचं भाषण माझं असतं. माझं संपल्याशिवाय कावळा पिंडाला शिवत नाही, असं लोक म्हणतात. मी बोलायला उभा राहिलो तर गर्दीतून आवाज आला, "ड्रायव्हरचा नातू बोलतोय." लोक हसले. दशक्रियेत, ताई. येत असलेला कावळा माघारी गेला. घरच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मयताला मीच अडवून धरलंय.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मला तुमचं उत्तर वाचायचं आहे.

सावळीराम


नाशिक,
२ ऑगस्ट २०२४

सावळीरामभाऊ,

विचारलंत म्हणून सांगते. समोरची जाळी साधारण १९३५ सालच्या फोर्डसारखी आहे. दिवे फोर्डचे नाहीत. मडगार्ड त्याहून दहाएक वर्षं जुन्या पद्धतीचे. हॉर्न कोणत्याही मोटारीचा नाही, लग्नाच्या बँडमधला वाटतो. दाराला बाहेरून मूठ नाही, आतून असण्याचा प्रश्न नाही, म्हणजे या मोटारीत कुणाला शिरताही येणार नाही आणि उतरताही येणार नाही. ही जगातल्या कुठल्याच मोटारीची फळी नाही. पेंटरच्या डोक्यातल्या मोटारीची आहे.

एक विनंती. वाचायचं तर पत्र सगळं वाचा. त्यातलं एखादंच वाक्य वाचू नका.

छाया


निंबाळवाडी,
१८ ऑगस्ट २०२४

छायाताईंना भिकन भंदुरेचा रामराम.

मी दिनेशचा बाप. तुमचा पत्ता पूजाकडून घेतला. पत्र लिहितोय कारण माझ्या फोनातले मेसेज दिनेश वाचतो. मला लिहायची सवय नाय, चूकभूल माफ करा.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर सभा बसली. सावळाभाऊंनी तुमचं पत्र काढलं. "समोरची जाळी फोर्डसारखी आहे," एवढं वाचलं, कागदाची घडी केली आणि खिशात घातली. मग फोर्डवर बोलले. फोर्ड ही साध्या माणसाची गाडी, साधा माणूस ड्रायव्हर ठेवत नाय, म्हणून चाकावर बसला तो मालक. लय टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, भाऊ बोलतात छान. दिनेश उठून म्हणाला, "ज्याला ड्रायव्हर परवडत नाय त्याला गाडी कोण देतंय? मी तरी देणार नाय." मग थोरल्या पातीची पोरं उठली, मग आमची उठली. भागीबाई सरपंच म्हणाल्या, "झेंडा उतरू द्या, मग भांडा."

आता माझं दुखणं. आमच्या जुन्या ट्रंकेत एक फोटो हाय. तीच गाडी, तोच हंस. पण त्यात चाकावर आमचा आजा खंडूबाबा बसलाय, आणि मागं रावजीबाबा. दिनेशला हे ठाऊक नाय. त्यानं गावभर सांगून ठेवलंय की चाकावर बसतो तो ड्रायव्हर. म्हणजे त्याच्याच तोंडानं आमचा आजा ड्रायव्हर झाला. बरं, भाऊंचं खरं धरावं तर आमचा आजा मालक होतो, पण मग भाऊंच्या फोटोत भाऊंचा आजापण मालक होतो. एका गाडीला दोन मालक आणि दोन ड्रायव्हर कसे काय? गाडी आलटून पालटून वापरत होते का?

मला झोप लागत नाय. फोटो सोबत पाठवला हाय. दाखवायचा का नाय ते तुम्हीच ठरवा. तुम्ही ठरवलं की मी मान हलवीन.

भिकन भंदुरे


नाशिक,
२४ ऑगस्ट २०२४

सावळीरामभाऊ आणि भिकनभाऊ,

हे एकच पत्र दोघांना पाठवतेय, आणि दोन्ही फोटोंच्या प्रती दोघांना. पत्र आता कुणाच्या खिशात राहणार नाही.

दोन्ही फोटो एकाच दिवशी, एकाच फळीमागे काढलेत. रावजीबाबांच्या सदऱ्याचं वरचं बटण दोन्हीत उघडं आहे. खंडूबाबांच्या फेट्याचा शेमला दोन्हीत डाव्या खांद्यावर आहे. भावांनी फक्त जागा बदलल्या.

सावळीरामभाऊ, तुमच्या नियमाने चालायचं तर दुसऱ्या फोटोत खंडूबाबा मालक. भिकनभाऊ, तुमच्या दिनेशच्या नियमाने चालायचं तर तेच ड्रायव्हर. म्हणजे दोघांचाही नियम दोघांच्याही कामाचा नाही. तेव्हा दोन्ही नियम सोडा, दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावा, आणि कमानीवर गावाचं नाव लिहा.

छाया


निंबाळवाडी,
४ सप्टेंबर २०२४

छायाताई,

सत्यासमोर मी लहान मुलासारखा नम्र होतो, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल. दुसरा फोटो पाहिला आणि माझी चूक उमगली.

मागे बसतो तो मालक.

हे मला आधी कसं दिसलं नाही याचं नवल वाटतं. टांग्यात धनी कुठे बसतो? मागे. रोमचा विजयी सेनापती रथात घोडे हाकत नसे, हाकणाऱ्याच्या मागे उभा असे. सत्ता कधीही पुढच्या सीटवर बसलेली नाही. दुसऱ्या फोटोत रावजीबाबा कसे निवांत टेकलेत ते पाहा. ती बैठक घरच्या माणसाची आहे, ज्याला गाडीची काळजी करायची गरज नाही. तो फोटो खरा आहे. आमच्या भिंतीवरचा फोटो गमतीत काढलेला असणार.

हे मी पोळ्याच्या दिवशी मारुतीच्या पारावर मांडलं. तर भिकन उठला. भिकन, ताई, जो लग्नात स्वतःचं नाव सांगतानाही अडखळला होता. उठला आणि म्हणाला, "ज्याच्या हातात कासरा तोच धनी." माझंच वाक्य. हातही माझ्यासारखाच वर केला. मागे कोण बसतं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "पाहुणा, नायतर पोती." धाकटी पाती नाचायची बाकी राहिली. दिनेश तर आता गिऱ्हाइकांना सांगतो की खरा मालक गाडी स्वतः चालवतो. शोरूमच्या काचेवर तसं लिहिलंय म्हणे.

मग रीतसर देवाणघेवाण झाली. पंचांसमक्ष आमचा फोटो त्यांनी नेला, त्यांचा आम्ही आणला; त्यांच्या भिंतीला तुम्ही पाठवलेली प्रत पुरते म्हणे. आमच्या भिंतीवरची चौकट थोडी मोठी पडते, पण तत्त्वासाठी तेवढं सोसायला हवं.

मोटार म्हणजे फळी, हे आता दोन्ही पात्यांना मान्य आहे. तुमच्या म्हणण्याचा विजय झाला. फक्त फळीचा मालक कोण एवढाच प्रश्न उरलाय. भागीबाई म्हणाल्या, "लय झालं. तशीच फळी करून आणा. दोन ऑक्टोबरच्या सभेत दोघं बसून दाखवा, आधी असे, मग तसे. कोण धनी दिसतो ते गाव बघंल, आणि ते नाव कमानीवर जाईल." गणपतीच्या आरासवाल्याकडे काम दिलंय. जाळी फोर्डचीच हवी असं मी त्याला बजावलंय. तुम्ही नकाशा तपासून द्याल का?

सावळीराम


नाशिक,
१० सप्टेंबर २०२४

सावळीरामभाऊ,

नकाशा पाहिला. आरासवाल्याने दाराला मूठ काढलीय, ती खोडायला सांगा. मूळ मोटारीला नव्हती. हॉर्न बरोबर आहे.

सभेला मी येणार नाही. मोटार सुरू झाली तर कळवा.

छाया


निंबाळवाडी,
४ ऑक्टोबर २०२४

छायाताई,

कमानीवर कुणाचंही नाव देऊ नये, असा ठराव मी स्वतः मांडला. तो मंजूर झाला. प्रकरण मिटलं आहे. तपशील विचारू नयेत.

दसरा जवळ आलाय, झेंडूची तोड चालू आहे. पूजासोबत थोडी फुलं पाठवतो.

सावळीराम


निंबाळवाडी,
७ ऑक्टोबर २०२४

छायाताईंना भिकनचा रामराम.

भाऊंनी तुम्हाला दोन ओळी लिहिल्या असं पूजा म्हणाली. दोन ओळी लिहिल्या म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असंल. म्हणून मी लिहितो.

शाळेच्या पटांगणात फळी आणली. झकास झाली होती. आरासवाल्यानं पुढून एक टेकू दिला होता, बाकड्याची सोय केली होती. सगळा गाव खाली बसला. आधी थोरल्या पातीच्या जुन्या फोटोपरमाणं बसायचं ठरलं, भाऊ चाकावर, मी मागं. आम्ही बसलो आणि फळी मागच्या अंगाला कलली. पुढं टेकू होता, मागं काहीच नव्हतं. मी आतून हातानं धरली. तशी ती उभी राहिली. हात सोडला की परत कलायची. म्हणून मी धरूनच बसलो, आणि वरून गावाकडं बघून हसत होतो, कारण फोटोत हसलेलं हाय.

भाऊंच्या हातात चाक होतं आणि समोर गाव. त्यांनी बोलायला सुरुवात केली. मागं बसतो तो मालक, हे चाकावर बसून सांगायला लागले. टांगा झाला, रोम झालं. मी हळूच म्हणालो, "भाऊ, आवर. हात भरून आला." त्यांना ऐकू गेलं नाय. वारं सुटलं होतं, फळीला ओढ बसत होती. मी दुसरा हात लावला.

मग भागीबाई म्हणाल्या, "आता बदला." भाऊ मागं आले, मालकासारखे टेकून बसायला गेले, तशी फळी त्यांच्या अंगावर आली. मी म्हणालो, "आतून धरा, भाऊ. असं." त्यांनी धरली. मी चाकावर बसलो.

ताई, खरं सांगतो, मला काही बोलायचं नव्हतं. पण चाक हातात आलं आणि सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. असं कधी झालं नव्हतं. मी बोलायला लागलो. कासऱ्यावर बोललो, ते लवकर संपलं. मग लासलगावच्या लिलावात मला उभं राहायला जागा मिळाली नव्हती त्यावर बोललो. बंद झालेल्या एसटीवर बोललो. मागून आवाज आला, "भिकन्या, आटप." मला ऐकू आलं होतं. मी थांबलो नाय.

शेवटी मागून काहीच आवाज येईना, म्हणून वळून पाहिलं. भाऊंचा चेहरा लाल झाला होता, दोन्ही हातांनी फळी धरलेली, आणि ते गावाकडं बघून हसत होते.

आम्ही खाली उतरलो. भाऊंनी दोन्ही फोटो मागवले, शेजारी ठेवले आणि वाकून बघत राहिले. मग मला बोटानं दाखवलं. चाकावर जो बसलाय त्याचे दोन्ही हात दिसतात. मागं जो बसलाय त्याचा एकच हात दिसतो. दोन्ही फोटोत तसंच.

दिनेश आला आणि विचारायला लागला, "मग ठरलं काय? मालक कोण?"

भागीबाई म्हणाल्या, "ज्याचा हात दुखतोय त्याला इचार." दिनेशनं आमच्याकडं पाहिलं. आम्ही दोघंही खांदा चोळत होतो.

भाऊंनी तिथंच उभं राहून ठराव मांडला. मी मान हलवली. फोटो परत बदलून घ्यायचे का असं मी विचारलं. भाऊ म्हणाले, राहू दे, आमच्याकडं तुझा आजा चाकावर बरा दिसतो.

फळी पटांगणातच ठेवलीय. आता रोज सांजच्याला लोक फोटो काढायला येतात, पिंपळगावपर्यंतची माणसं येतात, नवी लग्नं झालेली जोडपी येतात. चाकावर बसणारे लय हायेत. आतून धरायला कुणी मिळत नाय. म्हणून दोघांचा फोटो असंल तर मी नाहीतर भाऊ खाली बसून फळी धरतो, फोटोत येत नाय असं बघून. वारं असलं की दोघं धरतो.

धरताना भाऊ बोलत नाहीत. बोलले की फळी हलते.

भिकन भंदुरे